अंगण घेतलं, पाळणा राहिला

माझी मुलगी दीड वर्षाची असताना तिला पाळणाघरात सोडून मी कचेरी गाठायची. सोबत उकड्या तांदळाच्या पेजेचा डबा. संध्याकाळी तो अर्धाअधिक तसाच परत यायचा. रागावणार कुणावर? सांभाळणारी बाई एकटी आणि पोरं अकरा! एवढ्याशा पोटात एका वेळी वाटीभरच मावतं, म्हणून दिवसातून चार-पाच वेळा कुणीतरी समोर बसून भरवावं लागतं. शिवाय आपली दहाची पेज मोठ्यांना ठीक. लहानग्यांच्या वाटीत ती पातळ पडली तर पाणीच जास्त. डाळ, तूप, मासळी पडल्याशिवाय ती अंगी लागत नाही.

म्हणूनच ताराबाई मोडकांचं काम वाचताना मी थबकले. १९४५ साली त्यांनी बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र काढलं, अनुताई वाघ त्यांना तिथेच येऊन मिळाल्या. मुलं बालवाडीत येईनात, तेव्हा या बायांनी बालवाडीच त्यांच्या अंगणात नेली. अंगणवाडी ती हीच. पुढे कोसबाडच्या वारली वस्तीत आणखी एक अडचण दिसली. आईबाप कामावर गेले की थोरल्या मुलीच्या कडेवर धाकटं भावंड. ती शाळेत येणार कशी? मग विकासवाडीत पाळणाघर, बालवाडी आणि शाळा एकाच ठिकाणी आणली. तान्ह्याला सांभाळायला मोठं माणूस मिळालं, ताई वर्गात बसली.

२ ऑक्टोबर १९७५ रोजी केंद्र सरकारने एकात्मिक बाल विकास सेवा योजना ३३ प्रकल्पांत सुरू केली. अंगणवाडी हे नाव घेतलं, पाळणाघर मात्र सोडून दिलं. तीन ते सहा वर्षांच्या मुलांना केंद्रात शिजवलेलं अन्न मिळू लागलं आणि तिनाखालच्यांसाठी घरी न्यायचा शिधा ठरला. वाढ खुंटते ती मुख्यतः पहिल्या दोन वर्षांत, आणि नेमकं तेच मूल केंद्राबाहेर! आई शेतावर किंवा बांधकामावर असेल तर तो शिधा शिजवून भरवणार कोण? २००९ साली आहाराचं प्रमाण ३०० उष्मांकांवरून ५०० वर नेलं. (फाइलीत आकडा वाढवणं सोपं, हे मी कारकून म्हणून सांगते.) भरवणाऱ्या हाताची तरतूद त्यात नव्हती.

अंगणवाडीलाच जोडून पाळणाघर चालवायची सोय ‘पाळणा’ योजनेत झाली, ती २०२२ साली. कोसबाडनंतर साठहून अधिक वर्षांनी.