जुन्या बाग-ट्रॅक्टरचे जळके कनेक्टर : अमिरातीच्या हवेतील दुखणे आणि त्याची दुरुस्ती

व्हिलाच्या हिरवळीवर किंवा अल ऐनच्या खजूरबागेत राबणारा जुना छोटा ट्रॅक्टर किल्ली फिरवूनही गप्प राहिला, की संशय प्रथम बॅटरीवर आणि मग स्टार्टरवर जातो. दोन्ही बदलून खिसा हलका होतो, ट्रॅक्टर मात्र तसाच राहतो. अशा वेळी दोष बहुधा दोन तारांना जोडणाऱ्या, बोटाच्या पेराएवढ्या प्लास्टिकच्या कनेक्टरमध्ये दडलेला असतो.

त्यामागचे गणित साधे आहे. कनेक्टरमधील पितळी टर्मिनल एकमेकांना घट्ट टेकलेले असतात, तोवर त्या सांध्याचा रोध नगण्य असतो. गंजामुळे किंवा सैलपणामुळे तो ०.१ ओहमपर्यंत वाढला आणि तेथून १५ अँपिअर प्रवाह वाहू लागला, तर दीड व्होल्टची घट होते आणि २२.५ वॅट उष्णता त्या एका बिंदूवर साठते. रेडिओ दुरुस्त करणाऱ्याचे सोल्डरिंग आयर्न साधारण २५ वॅटचे असते, हे लक्षात घेतले की कनेक्टर तपकिरी होऊन का वितळतो ते कळते. उष्णतेने टर्मिनलची पकड आणखी सैल होते, रोध आणखी वाढतो आणि हे चक्र सुरूच राहते.

अमिरातीची हवा या चक्राला खतपाणी घालते. येथील हवा कोरडी, त्यामुळे गंजाचे भय नाही, ही समजूत किनारपट्टीपुरती तरी साफ चुकीची आहे. उन्हाळ्यातील रात्री दुबई-अबू धाबीच्या किनाऱ्यावर हवेतील आर्द्रता ९० टक्क्यांपर्यंत जाते. साधे मीठ सुमारे ७५ टक्के आर्द्रतेला हवेतील पाणी ओढून पाझरू लागते. समुद्री मिठातील मॅग्नेशियम क्लोराइड तर सुमारे ३३ टक्क्यांनाच ओलसर होते. दिवसा वाऱ्याने आलेली खारी धूळ कनेक्टरच्या फटींत बसते आणि रात्री तिचे खारे पाणी होते. पहाटे पत्र्यावर दव धरते ते वेगळेच. त्याच दिवशी दुपारी बॉनेटखालचे प्लास्टिक भाजून निघते आणि काही वर्षांत कनेक्टरची कडी हात लावताच तुटते.

यावरचा मूळ उपाय मराठी घरांना पिढ्यान्पिढ्या ठाऊक आहे. पितळेचे पातेले कळकू नये म्हणून त्याला कल्हई करतात. चांगल्या टर्मिनलवरही कथलाचाच पातळ थर असतो. म्हणूनच टर्मिनल खरखरीत पॉलिश पेपरने घासून चकचकीत करणे हा शहाणपणा नव्हे. त्याने कल्हई निघून जाते आणि उघडे पितळ अधिक वेगाने काळवंडते. बॅटरीजवळच्या टर्मिनलवर दिसणारे निळसर-हिरवे कीटही ओळखीचेच आहे. गंधकाम्लाची वाफ आणि तांबे यांपासून तयार होणारा तो पदार्थ म्हणजे द्राक्षबागायतदार बोर्डो मिश्रणात वापरतात तेच मोरचूद. खाण्याच्या सोड्याचे पाणी लावल्यास आम्लाचा जोर मोडतो. त्यानंतर स्वच्छ पाण्याने धुऊन तो भाग पूर्ण वाळवावा.

पितळेचा आणखी एक वैरी खताच्या खोलीत बसलेला असतो. ब्रिटिश अमदानीत हिंदुस्थानात पावसाळाभर तबेल्यांत साठवलेली पितळी काडतुसे आपोआप तडकत. घोड्यांच्या मूत्रातून सुटणारा अमोनिया ताणाखालील पितळेला भेगा पाडतो, हा उलगडा १९२१ मध्ये झाला. ट्रॅक्टर आणि युरियाची फुटकी पोती एकाच बंद शेडमध्ये ठेवणारे हाच प्रयोग नकळत पुन्हा करीत असतात. दाबून बसवलेले टर्मिनल कायम ताणाखालीच असते.

दोष शोधताना डोळ्यांपेक्षा मल्टिमीटरवर भिस्त ठेवावी. प्रवाह वाहत असताना मीटरची दोन टोके कनेक्टरच्या दोन बाजूंना टेकवावीत. तेथे ०.२ व्होल्टहून अधिक घट दिसली तर तो सांधा आजारी समजावा. स्टार्टरच्या जाड केबलवर, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, अर्ध्या व्होल्टपर्यंत घट चालते. बाग-ट्रॅक्टरमध्ये स्टार्टरच्या सोलेनॉइडकडे जाणारा प्रवाह किल्ली, ब्रेक पेडलचा स्विच आणि पात्यांच्या क्लचचा स्विच अशा साखळीतून जातो. प्रत्येक सांध्यावर थोडी-थोडी गळती झाली, तर १२ व्होल्टचे शेवटी ९ उरतात आणि सोलेनॉइड केवळ ‘टक’ आवाज करून थांबतो.

दुरुस्तीपूर्वी बॅटरीची निगेटिव्ह तार आधी काढावी आणि जोडताना ती शेवटी जोडावी. इंजिन चालू असताना बॅटरी सोडवू नये, कारण त्याने रेग्युलेटर निकामी होण्याची भीती असते. जळके टर्मिनल कापताना तांबे लख्ख दिसेपर्यंत तार मागे सोलावी. काळी पडलेली तार कितीही घट्ट दाबली तरी चांगला सांधा देत नाही. तार अपुरी पडल्यास त्याच जाडीचा नवा तुकडा जोडावा, बारीक तार कधीही नको. नवे टर्मिनल योग्य मापाच्या क्रिम्पिंग प्लायरनेच दाबावे. साध्या पक्कडीने चेपलेला सांधा थरथरीत सुटतो. डाख देण्याचा मोहही टाळलेला बरा, कारण वितळलेले कथील तारेत वर चढते, तेवढा भाग ताठर होतो आणि कंपनाने नेमका तेथेच तुटतो. वरून आतल्या बाजूस गोंद असलेली हीट श्रिंक नळी चढवावी आणि जोडलेल्या सांध्यावर डायइलेक्ट्रिक ग्रीसचा हात फिरवावा.

कंपनीचे मूळ कनेक्टर मिळत नाहीत, ही जुन्या यंत्रांबाबतची नेहमीची तक्रार आहे. सुदैवाने बहुतेकांतील चपटे टर्मिनल ६.३ मिलिमीटर या प्रचलित मापाचे असते. शारजाच्या औद्योगिक भागातील जुन्या सुट्या भागांच्या बाजारात मोडीतल्या मोटारींचे कनेक्टर मिळतात. ते घेताना मागची वीतभर तार सोबत कापून घ्यावी. यंत्र दीर्घकाळ वापरायचे असेल, तर रबरी सील असलेले डॉइच पद्धतीचे कनेक्टर महाग असले तरी परवडतात. मूळ डॉइच कंपनी २०१२ मध्ये टीई कनेक्टिव्हिटीने विकत घेतली.

राहिला प्रश्न एका घातक सवयीचा. आसनाखालचा स्विच त्रास देऊ लागला, की गॅरेजवाला दोन तारा एकमेकींना जोडून देतो आणि ट्रॅक्टर लगेच सुरू होतो. चालक उठला किंवा घसरून पडला तर इंजिन बंद पाडणे, हे त्या स्विचचे काम आहे. तो आंधळा झाला की खाली फिरणारी पाती थांबत नाहीत. पेट्रोलवरील मॅग्नेटो इंजिनात आणखी एक मेख आहे. तेथे मॅग्नेटोची तार चॅसीला टेकवून इंजिन बंद केले जाते. त्या तारेचा कनेक्टर गंजला तर किल्ली काढूनही इंजिन चालूच राहते. म्हणजे हा गंज यंत्र अडवत नाही, ते थांबूच देत नाही. या तारेला चाचणीच्या नादात १२ व्होल्टचा प्रवाह कधीही देऊ नये, कारण इग्निशन कॉइल जळते.

अमिरातीत १५ जून ते १५ सप्टेंबरदरम्यान दुपारी साडेबारा ते तीन या वेळेत उघड्या उन्हात काम करण्यास कायद्याने मनाई आहे. बाग सांभाळणाऱ्या कामगाराकडून ही दुरुस्ती करून घ्यायची असेल, तर सावलीतली सकाळ निवडावी. काम झाल्यावर दिवे लावून आणि पाती चालवून ट्रॅक्टर पंधरा मिनिटे फिरवावा, मग इंजिन बंद करून प्रत्येक नव्या सांध्याला हात लावून पाहावा. तो कोमट असेल तर हरकत नाही, चटका बसला तर पुन्हा उघडावा. शेवटी मोकळ्या, सपाट जागी पाती चालू ठेवून चालकाने पाय न हलवता आसनावरून किंचित उठावे. इंजिन त्याच क्षणी बंद पडले नाही, तर ट्रॅक्टर हिरवळीवर नेऊ नये.