बुऱ्हाणपूर आणि 'शुद्ध रक्त'

आमच्या घरात लग्न ठरवताना गोत्र, कुळदेव, पत्रिका सगळे पाहिले जाते. "आमचे रक्त शुद्ध" हे वाक्य मी लहानपणापासून ऐकत आलो. बुऱ्हाणपूर पाहून आलो आणि त्या वाक्यावरचा माझा विश्वास उडाला.

तापीकाठचे हे गाव म्हणजे दख्खनचा दरवाजा. फारुकी सुलतानांनी ते वसवले, १६०१ साली अकबराने जवळचा असीरगड घेतला, १६३१ साली मुमताज महलने इथेच प्राण सोडला. शिपाई, विणकर, व्यापारी येत राहिले, काही इथलेच झाले. माणसे सरमिसळली की त्यांचे जनुकही मिसळतात. वेगळ्या झालेल्या समाजांना पुन्हा जवळ आणणारा हा प्रवाह.

गावाबाहेर सातपुड्यात कोरकू राहतात. त्यांची भाषा मुंडा कुळातली, म्हणजे दूर झारखंडातल्या संथाळी, मुंडारीची बहीण. मुंडा भाषिकांमध्ये बापाकडून येणारा वारसा बराचसा आग्नेय आशियाशी जुळतो, आईकडून येणारा मात्र बहुतांशी इथलाच. पूर्वेकडून आलेल्या पुरुषांनी इथल्या बायकांशी संसार थाटले, असा त्याचा अर्थ लावतात.

पुढे वस्ती लहान राहिली आणि लग्ने आपापसातच झाली की नशिबाचा खेळ सुरू होतो. कोणाचा वंश वाढतो, कोणाचा खुंटतो. एखादा जनुक गुणदोष न पाहता नाहीसा होतो, एखादा घरोघरी पोचतो.

तिसरी गोष्ट निसर्गाची निवड. सातपुड्यातल्या आदिवासींमध्ये सिकलसेल आढळतो. त्याचा जनुक आईबापांपैकी एकाकडूनच आला तर मलेरियाच्या घातक तापापासून संरक्षण मिळते. म्हणून मलेरियाच्या रानात तो टिकला. दोघांकडून आला तर मात्र आजार जन्मभराचा. दोघेही वाहक असतील तर प्रत्येक मुलामागे हा धोका चारात एक. २०२३ साली मध्य प्रदेशातल्याच शहडोलहून सिकलसेल निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम सुरू झाली.

२०१३ साली प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनानुसार भारतातले जवळजवळ सगळे समाज सुमारे ४,२०० ते १,९०० वर्षांपूर्वीच्या काळात एकमेकांत मिसळले. जातीतल्या जातीत लग्नाची कुंपणे घट्ट झाली ती त्यानंतर. मग शुद्ध कोण उरले?

कचेरीत मी रोज जातीच्या रकान्यांचे अर्ज हाताळतो. तो रकाना खोटा नाही, पण फार अलीकडचा आहे. आता घरात पुढची सोयरीक येईल तेव्हा पत्रिकेआधी रक्ताची तपासणी मागायची, एवढे मी ठरवले आहे.