दोष सांगून घरे विकणारा दलाल

घर विकणाऱ्याची भाषा आणि घराची प्रत्यक्ष स्थिती यांचा मेळ सहसा बसत नाही, ही तक्रार काही आजची नव्हे. शेरिडनचे 'द क्रिटिक' हे नाटक 1779 साली लंडनच्या रंगभूमीवर आले. त्यात पफ नावाचे एक पात्र आहे. मोबदला घेऊन वाटेल त्याची स्तुती लिहून देणे हा या गृहस्थाचा धंदा. आणि लिलाव पुकारणाऱ्यांना विशेषणांची खैरात करायला आपणच शिकवले, अशी त्याची फुशारकी. असल्या पात्रावर विनोद करता येतो तो मूळ माल प्रेक्षकांच्या चांगला ओळखीचा असतो तेव्हाच.

पुढच्या पिढीत पफचा अवतार शोभावा असा एक माणूस लंडनला खरोखरच मिळाला. कॉव्हेंट गार्डनमधला लिलाववाला जॉर्ज रॉबिन्स (1777–1847) हा तो. होरेस वॉलपोलच्या स्ट्रॉबेरी हिल या वाड्यातला संग्रह त्याने 1842 साली विकला. तो लिलाव 24 दिवस चालला होता. रॉबिन्सच्या जाहिराती इतक्या रसाळ असत की लोक त्यांची नक्कल करीत. एका इस्टेटीचे वर्णन करताना त्याने म्हणे प्रामाणिकपणे दोन उणिवाही नोंदवल्या होत्या: गुलाबाच्या पाकळ्यांचा सडा झाडावा लागतो आणि रात्री नाइटिंगेल पाखरांच्या गाण्याने झोपमोड होते. ही कथा दंतकथाही असेल. पण दंतकथा कोणाभोवती गोळा होतात हेही इतिहासाला विचारात घ्यावे लागते. दोष सांगण्याचा आव आणून स्तुती करायची, ही रॉबिन्सची युक्ती. आम्हांला ज्या माणसाविषयी सांगायचे आहे त्याने सव्वाशे वर्षांनी ही युक्ती उलटी करून दाखवली. त्याने दोषच सांगितले, आणि घरे विकली.

त्याचे नाव रॉय ब्रुक्स. लंडनमध्ये चेल्सी भागातल्या किंग्ज रोडवर त्याची घरांच्या दलालीची पेढी होती. 1950 नंतरच्या आणि 1960 नंतरच्या दशकांत, 1971 साली त्याचा मृत्यू होईपर्यंत, 'ऑब्झर्व्हर' आणि 'संडे टाइम्स' या रविवारच्या पत्रांत त्याच्या छोट्या जाहिराती झळकत. छोट्या जाहिराती म्हणजे वर्तमानपत्रातला सर्वांत रुक्ष मजकूर: खोल्या किती, भाडेपट्टा किती वर्षांचा, किंमत काय. ब्रुक्सचा रकाना मात्र ज्यांना घर घ्यायचेच नव्हते अशी माणसेही वाचू लागली. ज्या रविवारच्या पत्रात मोठमोठे टीकाकार लिहीत होते, त्यातच एक दलाल पैसे भरून आपला मजकूर छापत होता आणि लोक तो चवीने वाचत होते.

त्या मजकुराचा नमुना म्हणून पिमलिको भागातल्या एका घराची जाहिरात नेहमी सांगितली जाते. ती शब्दशः न देता आम्ही तिचा आशय सांगतो. अभिरुची, पैसा आणि घट्ट पोट या तिन्ही गोष्टी ज्याच्यापाशी असतील असा गिऱ्हाईक हवा आहे. कारण हे घर पूर्वी वेश्यागृह होते. विसाव्या शतकाने या वास्तूला, निदान न्हाणीघर-शौचकूप या बाबतीत, स्पर्श केलेला नाही. ओलीचा दर्प येतो, कदाचित ओलीहून वाईट कशाचा. गिलावा ढासळतो आहे, छपराच्या भोकातून उजेड डोकावतो. तरीही घर राहण्याजोगे असले पाहिजे, कारण एका कोपऱ्यात चिंध्यांचे अंथरूण, सिगारेटींची थोटके आणि रिकाम्या बाटल्या आहेत. खोल्या दहा, सगळ्या काहीशा ओंगळ. मागे शेवाळलेले अंगण. किंमत जमिनीच्या मालकीसह 4,650 पौंड. आणि शेवटी व्यवहाराची गोष्ट: रंगरंगोटी केलेली अशीच घरे 15,000 पौंडांना जातात.

यातला एक चिमटा लंडनबाहेरच्या वाचकाला उलगडून सांगायला हवा. पिमलिको हा वेस्टमिन्स्टरचाच भाग आहे. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात टॉमस क्यूबिट या बांधकाम करणाराने तेथे पांढऱ्या गिलाव्याच्या घरांच्या ओळी उठवल्या. पुढे प्रतिष्ठा उतरत गेली आणि एकेका घरात खोलीखोलीला बिऱ्हाड आले. ब्रुक्स गिऱ्हाइकाला सांगतो की, घर कसेही असो, पत्राच्या कागदावर 'वेस्टमिन्स्टर' असे छापायला तुम्हांला कोणी अडवणार नाही. अर्धी थट्टा घराची आहे आणि अर्धी ते घेऊ पाहणाऱ्याची. आपल्यावरची थट्टा वाचून गिऱ्हाईक रागावले नाही, हे विशेष आहे.

असे का व्हावे? आमच्या मते याचे उत्तर दलालीच्या हिशेबात आहे. इंग्लंडमध्ये दलाली देतो तो घर विकणारा. घेणारा काही देत नाही. म्हणजे दलाल हा मालकाचा चाकर. परंतु जाहिरात वाचतो तो घेणारा, आणि हा माणूस कोणाचा पगारी आहे हे तो पक्के ओळखून असतो. म्हणून 'प्रशस्त' या शब्दाची तो आपल्या मनाशी एक खोली वजा करतो, 'आटोपशीर' म्हटले की पलंग आडवा मावणार नाही असे धरतो, आणि 'थोडी दुरुस्ती आवश्यक' याचा अर्थ छप्पर नाही असा करतो. (आमच्याकडच्या 'स्टेशनपासून पाच मिनिटे' यातली मिनिटे कोणाच्या पायांची, हे विचारायचे नसते.) सगळेच फुगवून सांगतात, म्हणून सगळ्यांचेच वजा करून वाचले जाते, आणि शेवटी खरोखर प्रशस्त असलेल्या घराचेही नुकसान होते. ब्रुक्सने दोष आपणच सांगून टाकले. मग वाचणाऱ्याला वजा करायला काही उरले नाही. ज्याने ओल सांगितली तो जिना चांगला आहे म्हणाला तर जिना चांगलाच असणार, असा विश्वास बसला. हा घेणाऱ्यांचा विश्वासच तो घर विकणाऱ्या मालकांना जणू विकत होता. आपल्या घराला रविवारच्या पत्रात नावे ठेवली जावीत म्हणून मालक त्याच्याकडे आपण होऊन येत, असे सांगतात. आणि वरचा हिशेब ध्यानात घेतला तर त्यात नवल वाटण्याजोगे काही नाही.

पण एवढ्यानेच भागले नसते. नुसता खरेपणा रुक्ष असतो. ओल, वाळवी, मोडका जिना, अशी यादी कोणी छापली असती तर मालकाने दलाल बदलला असता आणि वाचकाने पान उलटले असते. विनोदामुळे मालकाला आपल्या घराची निंदा सोसवली, आणि खरेपणामुळे विनोदाला वजन आले. नुसत्या विनोदी जाहिराती त्या काळात दुसरेही लिहीत होते. त्या वाचून लोक हसले आणि विसरले. ब्रुक्सचा विनोद तपासून पाहता येत होता. घर जागेवर उभे होते. शनिवारी जाऊन छपराचे भोक बघून यावे.

येथे कायद्याविषयी थोडे सांगितले पाहिजे. इंग्लंडात घरांची दलाली करायला परवाना लागत नसे, परीक्षा लागत नसे. आजही लागत नाही. 1979 च्या कायद्याने नालायक माणसाला या धंद्यातून काढून टाकण्याची सोय झाली. घराचे खोटे वर्णन करणे हा स्वतंत्र गुन्हा ठरला तो 1991 च्या कायद्याने, म्हणजे ब्रुक्सच्या मृत्यूनंतर वीस वर्षांनी. तो कायदा 2013 साली रद्द झाला, कारण त्याआधीच, 2008 मध्ये, ग्राहकांच्या संरक्षणाचे सर्वसाधारण नियम आले होते आणि त्यांत महत्त्वाची गोष्ट दडवणे हेही गैर ठरवले होते. आमच्याकडे 2016 च्या स्थावर संपदा कायद्याने जाहिरातीत नोंदणी क्रमांक देणे बांधकाम करणाऱ्यावर बंधनकारक केले आणि खोट्या जाहिरातीवर विसंबून पैसे भरणाऱ्याला भरपाईचा हक्क दिला. हे सारे चांगलेच झाले. पण कायद्याच्या धाकाने दलाल सावध होतो, आणि सावध माणूस कमी बोलतो. ब्रुक्स कोणी विचारले नसताना बोलत होता. आणि तेही ज्या काळी त्याला खोटे बोलण्याची जवळजवळ मुभा होती त्या काळी. म्हणून त्याचे श्रेय आम्ही थोडे अधिक मानतो.

आता दुसरी बाजू. ती सांगितल्यावाचून या माणसाचे चित्र पुरे होणार नाही.

पिमलिकोच्या त्या जाहिरातीतले दोन आकडे पुन्हा पाहा: 4,650 आणि 15,000. मधली तफावत केवळ रंगाची आणि गिलाव्याची नव्हती. युद्धात लंडनची असंख्य घरे पडली होती आणि जी उरली त्यांतल्या अनेकांत जुने भाडेकरू गोठवलेल्या भाड्याने राहत होते. भाडेकरू असलेले घर आणि रिकामे घर यांच्या किमतीत किती अंतर असते, हे मुंबईच्या चाळीत राहिलेल्यांना समजावून सांगायला नको. 1957 च्या भाडे कायद्याने वरच्या वर्गातली घरे, म्हणजे लंडनमध्ये 40 पौंडांहून अधिक करपात्र मूल्याची घरे, नियंत्रणातून मोकळी केली. आणि लहान घरही एकदा रिकामे झाले की त्याचे पुढचे भाडे नियंत्रणाबाहेर गेले. साहजिकच घर रिकामे होण्यात पैसा आला. पीटर रॅकमन हा घरमालक भाडेकरूंना हुसकण्यासाठी ज्या मार्गांनी जाई, त्यांचा बोभाटा 1963 साली, त्याच्या मृत्यूनंतर, पार्लमेंटपर्यंत पोहोचला. मिल्नर हॉलंड समितीने लंडनच्या भाड्याच्या घरांची चौकशी करून 1965 मध्ये अहवाल दिला, आणि त्याच वर्षी नव्या कायद्याने भाडेकरूला पुन्हा संरक्षण मिळाले. 1964 साली रूथ ग्लास या समाजशास्त्रज्ञ बाईंनी, गरिबांच्या वस्तीत मध्यमवर्ग शिरतो आणि हळूहळू तिचा रंगच पालटतो, या घटनेला इंग्रजीत एक नवे नाव दिले. ते नाव आज जगभर चालते. त्यांनी ते दिले होते लंडनच्याच वस्त्या पाहून.

ब्रुक्सचा वाचक हा नेमका तो शिरणारा मध्यमवर्ग होता: शिकलेला, बऱ्या मिळकतीचा, जुन्या घराच्या उंच खिडक्यांवर लुब्ध होणारा, आणि स्वतःवरची थट्टा सोसण्याइतका खिलाडू. ब्रुक्सची रॅकमनशी तुलना करणे अन्यायाचे होईल. तो दमदाटी करणारा मालक नव्हता, दलाल होता, आणि वस्त्या पालटल्या त्या त्याच्या जाहिरातींनी नव्हे, कायद्याने आणि पैशाने. पण त्याच्या खरेपणाला एक हद्द होती आणि ती दाखवणे आमचे काम आहे. घराबद्दल तो घेणाऱ्याशी खरे बोलला. नफ्याबद्दलही खरे बोलला. 15,000 चा आकडा दुसऱ्या दलालाने मालकाच्या कानात सांगितला असता, याने तो छापला. मात्र जो माणूस ही पत्रे वाचत नव्हता त्याच्याविषयी बोलताना हाच विनोद नुसता विनोद राहतो. छप्पर, गिलावा, अंगण, होऊ घातलेला मालक, यांच्यावरची थट्टा तपासून घ्यायला आणि उलट उत्तर द्यायला कोणी ना कोणी होते. चिंध्यांच्या अंथरुणाच्या वतीने उत्तर द्यायला कोणी नव्हते.

ब्रुक्सच्या मृत्यूनंतर त्याच्या जाहिरातींचे संग्रह निघाले आणि ते लोकांनी आवडीने वाचले. घरे केव्हाच विकली गेली होती, जाहिराती राहिल्या. त्याची नक्कल करणारे दलाल आजही अधूनमधून निघतात. बहुतेकांची तऱ्हा अशी की पहिल्या ओळीत स्वयंपाकघराची चेष्टा करायची आणि दुसऱ्या ओळीपासून 'प्रशस्त', 'हवेशीर' सुरू करायचे. पिमलिकोच्या त्या घरांची किंमत आता लाखांच्या पौंडांत मोजतात आणि तेथे ओल फारशी उरलेली नाही. त्या दहा खोल्यांतल्या एका कोपऱ्यात कोण निजत होते, आणि 4,650 पौंडांचा व्यवहार पुरा झाल्यावर तो कोठे गेला, हे मात्र जाहिरातीवरून कळत नाही.