झेवियर्सच्या प्रांगणातील मैफल

दांडी-बोईसर परिसरातील एखाद्या स्नेहमंडळाने वर्गणी जमवावी, तिकिटे काढावीत आणि बायकामुलांसह मुंबईला शास्त्रीय संगीताच्या मैफलीला जावे, यात आज कोणाला नवल वाटणार नाही. परंतु इतिहासाच्या मोजमापाने ही चाल फार जुनी नव्हे. दीडशे वर्षांपूर्वी मंदिरातील उत्सव सोडले तर उत्तम गाणे ऐकावयाचे ते संस्थानिकाच्या दरबारात, श्रीमंताच्या दिवाणखान्यात किंवा कलावंतिणीच्या कोठीवर. पहिल्या दोन ठिकाणी आमंत्रण लागे. तिसऱ्या ठिकाणी घरंदाज माणूस उघडपणे जात नसे. घरातील स्त्रियांनी गवयाचे गाणे ऐकावयास बाहेर पडण्याचा तर प्रश्नच नव्हता.

हे दार उघडले ते मंडळांनी. मुंबईत १८७० मध्ये कैखुश्रू काबराजी यांनी पारशी गृहस्थांसाठी 'गायन उत्तेजक मंडळी' काढली. पुण्यात १८७४ मध्ये 'गायन समाज' उभा राहिला. पुढे रागशास्त्राची मांडणी करणारे विष्णु नारायण भातखंडे १८८४ मध्ये याच पारशी मंडळीचे सभासद झाले होते, हे फारसे सांगितले जात नाही. विष्णु दिगंबर पलुस्करांनी तर ५ मे १९०१ रोजी लाहोरला आपले गांधर्व महाविद्यालय स्थापिले ते राजाश्रयाच्या नव्हे, लोकाश्रयाच्या बळावर. १९०८ मध्ये ते मुंबईत आले. टिकीट लावून सर्वांसाठी गाणारा गवई आणि त्याच्यासमोर सहकुटुंब बसलेला मध्यमवर्गीय श्रोता हे दृश्य घडविण्यात त्यांचा वाटा फार मोठा आहे.

या कथेत आपण कॅथलिक कोठे होतो? आपली वाट निराळी होती, एवढेच. पोर्तुगीज अमदानीत गोव्याच्या धर्मग्रामांतील शाळांमध्ये मुलांना धर्मशिक्षणाबरोबर स्वरलिपी वाचावयास आणि व्हायोलिन वाजवावयास शिकवीत. हेतू उपासनेचा, पण कागदावरचे सूर वाचणारा मुलगा मुंबईत उपाशी राहात नसे. बँड, हॉटेले आणि पुढे चित्रपटांचे स्टुडिओ येथे त्याला काम मिळे. १९३५ मध्ये मेहली मेहता यांनी बॉम्बे सिंफनी ऑर्केस्ट्रा उभारला, तेव्हा त्यात गोवेकर कॅथलिक वादक होतेच. म्हणजे एकाच शहरात दोन मैफली चालू होत्या. एकीकडे तंबोऱ्याच्या साथीने राग मांडला जात होता, दुसरीकडे समोर कागद ठेवून बाख आणि बेथोव्हन वाजत होते. एकीचे श्रोते दुसरीकडे क्वचितच फिरकत.

या दोन मैफली एका जागी आणण्याचा धाडसी प्रयोग १९५८ मध्ये झाला, आणि तोही मुंबईच्या सेंट झेवियर्स कॉलेजच्या प्रांगणात. तो करणारा माणूस होता अँथनी गोन्साल्विस. जन्म १९२७, गाव गोव्यातील माजोर्डे. वडील तेथील चर्चच्या गायकवृंदाचे प्रमुख. १९४० च्या दशकात मुंबईत येऊन ते चित्रपटसृष्टीत व्हायोलिनवादक आणि संगीत-संयोजक झाले. रागसंगीताने त्यांना झपाटले, आणि १९५८ साली त्यांनी 'इंडियन सिंफनी ऑर्केस्ट्रा' उभा केला. शंभराहून अधिक वादक, आणि गायनासाठी लता मंगेशकर व मन्ना डे! १८६९ साली येशूसंघीय धर्मगुरूंनी स्थापिलेल्या त्या विद्यालयाच्या दगडी कमानींमध्ये भारतीय रागांवर बांधलेल्या रचना पाश्चात्त्य वाद्यवृंदातून उमटल्या.

हे काम किती अवघड होते, ते थोडे थांबून पाहिले पाहिजे. त्यांच्या एका रचनेचा आधार सारंग हा होता. वृंदावनी सारंगात गंधार आणि धैवत वर्ज्य. आता पाश्चात्त्य पद्धतीने षड्जावर साधा स्वरसंघ उभारावा तर सा, ग आणि प हे तीन स्वर एकदम वाजले पाहिजेत. म्हणजे पहिल्याच पावलाला वर्ज्य गंधार आडवा येतो! तो घ्यावा तर राग मोडतो, न घ्यावा तर स्वरसंघ लंगडा होतो. दुसरा पेच असा की, गवई राग जागच्या जागी फुलवितो. शंभर वादकांना तसे करून चालत नाही, प्रत्येकाचा प्रत्येक सूर आधी कागदावर लिहून द्यावा लागतो. तिहाईचेच पाहा. तोच तुकडा तीनदा घेऊन समेवर येण्याची ही आपली खास रीत शंभर हातांकडून बिनचूक साधावयाची, हे काही लहान काम नव्हे.

दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने ४ डिसेंबर १९६३ रोजी पवित्र उपासनेविषयीचे संविधान प्रसृत केले. ज्या लोकांना स्वतःची संगीतपरंपरा आहे, त्यांच्या त्या परंपरेला योग्य मान आणि स्थान द्यावे, असे त्यात म्हटले आहे. माजोर्ड्याच्या या व्हायोलिनवादकाने आपला प्रयोग पाच वर्षे आधीच केला होता. मात्र तो उपासनेसाठी नव्हता, निखळ संगीतासाठी होता. मला हा फरक महत्त्वाचा वाटतो. परिषदेनंतर आपण भजने स्वीकारली, पेटी-तबला देवळात आणला. अंधेरीच्या ज्ञान आश्रमात जर्मन धर्मगुरू फादर जॉर्ज प्रोक्ष यांनी भारतीय गायन-नृत्यातून शुभवर्तमान सांगितले, ते कार्य थोरच. पण प्रार्थनेच्या उपयोगी पडते म्हणून नव्हे, तर सुंदर आहे म्हणून राग ऐकावयास बसणे, ही सवय आपल्या घराघरांत अजून मुरावयाची आहे. गंमत अशी की, १९७० च्या दशकात झेवियर्सच्याच विद्यार्थ्यांनी 'इंडियन म्युझिक ग्रुप' स्थापिला आणि त्यांच्या 'जनफेस्ट' महोत्सवामुळे त्या प्रांगणाचे नाव देशभरच्या गवयांना ठाऊक झाले. इतक्या जवळचे दार कोणाला असते?

खुद्द गोन्साल्विस १९६० च्या दशकाच्या मध्यास शिक्षणासाठी अमेरिकेस गेले. परतल्यावर ते चित्रपटांकडे वळले नाहीत; माजोर्ड्यास राहिले आणि १८ जानेवारी २०१२ रोजी निवर्तले. त्यांचे शिष्य प्यारेलाल यांनी १९७७ साली एका चित्रपटगीतात गुरूचे नाव गोवले. ते गीत ठाऊक नसलेला माणूस विरळा. ते नाव धारण करणारा कोणी होता, हे ठाऊक असलेला त्याहून विरळा.

राहता राहिला आपल्या बाजूच्या श्रोत्यांचा प्रश्न. पूर्वी मैफल रात्रभर चाले. दूरगावच्या माणसाला ते एका परीने सोयीचे होते: सायंकाळच्या गाडीने जावे, दरबारी आणि मालकंस ऐकावा, पहाटे भैरव कानांत घेऊन पहिल्या गाडीने परतावे, उतारा शोधण्याचे कारण नाही. २००० साली ध्वनिप्रदूषणाचे नियम आले आणि उघड्यावरचा ध्वनिक्षेपक रात्री १० वाजता बंद होऊ लागला. आजाऱ्यांच्या व परीक्षार्थींच्या दृष्टीने ते योग्यच झाले. परंतु उत्तररात्रीचे राग उघड्या मांडवाला पारखे झाले, आणि शंभरेक किलोमीटरवरून आलेल्या मंडळींना रात्रीच्या शेवटच्या गाडीची चिंता लागली. १६ एप्रिल २०१३ पासून उपनगरी गाड्या विरारच्या पुढे डहाणू रोडपर्यंत धावू लागल्या, तेव्हापासून थोडे हायसे झाले आहे. तरी दांडीच्या माणसाला बोईसरला उतरल्यावर पुन्हा रस्त्याने किनारा गाठावयाचा असतो. म्हणून मंडळांनी मैफल निवडताना आधी गाड्यांचे वेळापत्रक पाहावे आणि शक्य तर सकाळचे सत्र धरावे. तोडी आणि सारंग असे दिवसाचे राग त्यांच्या वेळी ऐकावयास मिळतात, आणि उजेडी घरी येता येते.