चाकांवरच्या घराचे छत

चाकांवरचे घर विकत घ्यावयास निघालेला मनुष्य प्रथम गादी चाचपून पाहतो, मग शेगडी, पाण्याची टाकी आणि कपाटांची दारे यांची चौकशी करतो, आणि सर्वांत शेवटी, विक्रेत्याची पाठ फिरली असता, मधल्या अरुंद वाटेत ताठ उभा राहून आपला माथा छताला टेकतो की नाही याचा हळूच अंदाज घेतो. कॅम्पर व्हॅनमध्ये ज्यांना केवळ रात्र काढावयाची आहे त्यांनी या उंचीची फिकीर कशाला करावी, असे एक पक्ष म्हणतो. मान वाकवून आठ दिवस राहून पाहा म्हणजे कळेल, असे दुसरा. हा वाद मोटारींच्या जमान्यातला आहे असे समजणे मात्र बरोबर नाही. तो घोड्यांच्या काळापासून चालत आला असून सुतारांनी, कारखानदारांनी आणि अखेर करवसुलीच्या अंमलदारांनीही त्यात आपापला निकाल दिलेला आहे. ते सर्व निकाल एके ठिकाणी ठेवून पाहिले असता मला असे दिसते की, चालत्या घराची उंची ठरवताना माणसाच्या उंचीपेक्षा पावसाचा, आणि छतापेक्षा पायाखालच्या फळीचा विचार अधिक निर्णायक ठरला आहे.

इंग्लंडातील जिप्सी लोकांचे पूर्वज सुमारे हजार वर्षांपूर्वी हिंदुस्थानातून पश्चिमेकडे गेले, ही गोष्ट त्यांच्या भाषेच्या अभ्यासावरून आता सर्वमान्य झाली आहे. रंगीत लाकडी गाडी हे या लोकांचे अनादी निवासस्थान होय, अशी आपली समजूत चित्रे पाहून झालेली असते. वस्तुतः एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत त्यांच्यापैकी बहुतेक कुटुंबे हेझलच्या लवचीक काठ्या जमिनीत खोचून, त्यांची टोके वाकवून एकमेकींस बांधून, वर घोंगड्या पसरलेल्या बुटक्या तंबूंत राहत आणि सामान गाढवांच्या पाठीवर वाहत. आपल्याकडील भटक्या जमातींचे पाल ज्याने पाहिले आहे त्याला या तंबूची कल्पना देण्यास अधिक शब्द नकोत. त्यात ओणवे होऊन शिरावयाचे, बसावयाचे, निजावयाचे; उभे राहून करावयाची कामे बाहेर, विस्तवापाशी. राहत्या गाडीची वहिवाट प्रथम पाडली ती जत्रांतून खेळ दाखवीत हिंडणाऱ्या मंडळींनी. 1840-41 साली प्रसिद्ध झालेल्या डिकन्सच्या ‘द ओल्ड क्युरिऑसिटी शॉप’ या कादंबरीतील मेणाच्या पुतळ्यांची मालकीण मिसेस जार्ले ज्या गाडीत बिऱ्हाड थाटून असते, ती याच वर्गातली. त्यांचे पाहून जिप्सींनी गाड्या घेतल्या, आणि घेतल्या त्या उभे राहता येईल अशाच घेतल्या. ज्या देशात बाराही महिने पाऊस केव्हा येईल याचा नेम नाही, तेथे बाहेरची चूल आत आली, आणि चूल आत आली की तिच्यापाशी उभे राहणारी बाईही आत आली.

या गाड्या बांधणाऱ्या सुतारांपुढचा पेच सोपा नव्हता. रस्ते खराब म्हणून चाके मोठी हवीत. चाके मोठी म्हणजे आस उंच. आस उंच म्हणजे तिच्यावरची जमीन उंच. आणि जमीन उंच असताना छतही तितकेच वर नेले, तर गाडी डोईजड होऊन वळणावर कलंडण्याचे भय. रेडिंग येथील डंटन यांच्या कारखान्यात बनणाऱ्या प्रसिद्ध गाडीत ही मोठी चाके खोलीच्या बाहेर ठेवीत आणि भिंती तळाशी अरुंद व वर जाताना बाहेर झुकलेल्या करीत. दुसऱ्या एका घाटात खोलीचा वरचा भाग चाकांवरून बाहेर काढून दोन्ही अंगांस कट्टे साधीत. तर जत्रेवाल्यांच्या बर्टन पद्धतीच्या गाडीत चाके लहान करून ती खोलीखालीच घालीत, कारण शेतवाटा आणि नदीचे उतार ओलांडण्याचा प्रसंग त्यांना क्वचितच येई. छताच्या बाबतीत जी तोड निघाली ती तर माझ्या मते या साऱ्या इतिहासातली सर्वांत बुद्धिमान होय. संपूर्ण छत उंच न करता मधल्या पट्ट्यापुरताच त्याचा भाग वर उचलीत आणि त्या उंचवट्याच्या दोन्ही बाजूंस लहान लहान काचेच्या खिडक्या बसवीत. यास ते लोक मॉलिक्रॉफ्ट म्हणत. मनुष्य उभा राहतो तो मधे. कडेला तो बसतो किंवा निजतो. मग कडेचे छत वर नेऊन लाकूड आणि वजन का वाढवावे, असा त्या सुताराचा सरळ हिशेब होता. त्याच खिडक्यांतून उजेड येई आणि स्वयंपाकाची वाफ बाहेर जाई. चूलही नेमाने दारातून शिरताना डाव्या हातास असे, म्हणजे दार पुढच्या बाजूस असल्यामुळे रस्त्याच्या मधल्या अंगास. कडेच्या झाडांच्या फांद्यांनी धुराडे मोडू नये एवढाच त्यातला हेतू.

पोटासाठी नव्हे तर हौसेसाठी अशा घरातून हिंडण्याची प्रथा पाडल्याचा मान सामान्यतः डॉ. विल्यम गॉर्डन स्टेबल्स यांस देतात. हे गृहस्थ स्कॉटिश, आरमारातले निवृत्त शल्यवैद्य, आणि मुलांसाठी साहसकथा लिहिणारे लोकप्रिय लेखक. त्यांनी ब्रिस्टल येथील कारखान्यात महोगनी आणि मेपल लाकडाची ‘वाँडरर’ नावाची गाडी बांधवून घेतली आणि 1885 साली बर्कशायरमधील ट्वायफर्डपासून थेट उत्तरेस इन्व्हर्नेसपर्यंत प्रवास केला. गाडीचे वजन सुमारे दोन टन, ओढावयास दोन घोडे, बरोबर गाडीवान, एक नोकर, न्यूफाउंडलंड जातीचा मोठा कुत्रा आणि पोपट; हा नोकर तीनचाकी सायकलवर बसून पुढे जाई आणि अरुंद रस्त्यावर समोरून येणाऱ्यांस, मागून एक दिवाणखाना येत आहे, अशी आगाऊ वर्दी देई. दिवाणखाना हा शब्द मी थट्टेने वापरलेला नाही. आत पुस्तकांचे कपाट होते, कोच होता, आणि वर उचललेल्या छतामुळे मालकास मनमुराद उभे राहता येई. गाडीवान मात्र रात्री एखाद्या खाणावळीत निजावयास जाई. ज्याने जहाजाच्या ठेंगण्या मजल्यांवर वर्षे काढली, त्याला ताठ उभे राहण्याचे मोल आपल्यापेक्षा अधिक ठाऊक असावे. ही गाडी आजही जतन करून ठेवलेली आहे.

घोड्याच्या चालीने जाणाऱ्या गाडीस वाऱ्याचा अडथळा होत नाही. मोटार आली आणि उंच छतास प्रथमच दररोज दाम मोजावे लागू लागले. 1919 साली बर्मिंगहॅम येथे एकल्स हा मोटारीमागे जोडावयाच्या कॅरॅव्हॅनचा कारखाना निघाला, तेव्हाही जिप्सींचे ते उचललेले छत, कंदिलासारखे दिसे म्हणून कंदील-छत या नावाने, पुष्कळ वर्षे टिकून राहिले. अमेरिकेत वॉली बायम या गृहस्थाने उलट बाजूने विचार केला: छत वर ढकलण्याऐवजी त्याने दोन चाकांच्या मधली जमीनच खाली सोडली. पुढे 1936 साली त्याच्या एअरस्ट्रीमची अल्युमिनियमची गुळगुळीत ‘क्लिपर’ निघाली, तिच्या रूपाची वाखाणणी सर्व करतात. पण खाली सोडलेल्या त्या जमिनीची आठवण कोणी काढीत नाही, हे मला नेहमी अन्यायाचे वाटते.

दुसऱ्या महायुद्धानंतर प्रश्नाचे स्वरूप पालटले. सुटीस निघालेल्या मध्यम स्थितीतील कुटुंबास मोटार आणि मागची कॅरॅव्हॅन अशी दोन वाहने बाळगणे परवडेना, आणि भाजीपाला व पार्सले वाहण्यासाठी बनलेल्या साध्या व्हॅनमध्येच बिछाना व शेगडी घालण्याची तजवीज सुरू झाली. ब्रिटनमध्ये तेव्हा कायद्याचा घोळ मोठा होता. मालवाहू व्हॅनवर खरेदीकर नसे, पण तिला चालकाच्या मागे काचा बसवल्या की ती मोटारगाडी ठरून कर बसे. आणि मालवाहू म्हणून राहिली तर ताशी तीस मैलांहून अधिक वेगाने हाकण्यास मनाई. पीटर पिट नावाच्या कारागिराने 1956 च्या सुमारास आपली सजवलेली फोक्सवॅगन, व्यापारी वाहनांस जेथे मज्जाव आहे अशा विंडसरच्या राजोद्यानात मुद्दाम नेली, खटला ओढवून घेतला, आणि ही मालगाडी नसून राहण्याचे वाहन आहे असा निकाल पदरात पाडून घेतला, अशी हकीकत या धंद्यातले लोक सांगतात. उंचीच्या बाबतीत मात्र या व्हॅन म्हणजे जिप्सींच्या बुटक्या तंबूंकडेच परत गेलेल्या होत्या. फोकस्टन येथील मार्टिन वॉल्टर या जुन्या कारखान्याने 1952 साली निघालेल्या बेडफर्ड व्हॅनवर आपली डॉर्मोबिल उभी केली आणि काही वर्षांत तिला ते सुप्रसिद्ध छत दिले: एका लांब कडेस बिजागऱ्या, दुसरी कड वर उचलली की पट्ट्यापट्ट्यांचे कापड ताणले जाऊन तिरपी राहुटी उभी राही, मधे माणूस ताठ उभा राही आणि दोन्ही अंगांस झोळीसारखे दोन बिछाने टांगता येत. मॉलिक्रॉफ्टचाच हा हिशेब. फरक इतकाच की रस्त्यावर असताना तो मिटून ठेवता येई.

जर्मनीत वीडेनब्रुक येथील वेस्टफालिया कारखान्याने 1951 पासून फोक्सवॅगनच्या व्हॅनसाठी सामान पुरवावयास आरंभ केला होता. या व्हॅनचे एंजिन मागे, जमिनीखाली. तेव्हा मागचा भाग उंच आणि छत बसके, अशी दुहेरी अडचण. आरंभी छतात पाणबुडीच्या झाकणासारखे एक लहानसे दार ठेवीत, त्यातून डोके बाहेर काढून मनुष्य उभा राही. हे दृश्य मौजेचे खरे, पण पावसात निरुपयोगी. तरीही हेच वाहन जगभर पसरले, आणि याचे कारण ते ज्या मुलखांतून गेले तेथील हवेत शोधावे लागते. 1960 आणि 70 च्या दशकांत इस्तंबूल, तेहरान, काबूल, लाहोर, दिल्ली असा मार्ग आक्रमून ज्या असंख्य व्हॅन गोव्यात हणजूणच्या किनाऱ्यावर येऊन विसावल्या, त्यांच्या प्रवाशांस छताच्या उंचीने फारसे छळले नसावे. कोरड्या पठारांवरून ते आले, गोव्यात हिवाळा काढावयास आले, आणि त्यांचे स्वयंपाकघर वाळूवर होते. 1979 साली इराणात क्रांती झाली, वर्षअखेर अफगाणिस्तानात सोव्हिएत फौजा शिरल्या, आणि तो रस्ता बंद पडला.

जर्मन सरकारने तर या प्रश्नावर आकडाच घातला. अवजड गाड्यांना निवासवाहन म्हणवून हलका कर भरण्याचे प्रकार वाढल्यावर 2006 साली वाहनकराच्या कायद्यात जी दुरुस्ती झाली, तीत निवासवाहन म्हणून करआकारणी व्हावयाची तर शेगडी आणि मोरी यांपाशी किमान 170 सेंटिमीटर उभे राहण्याची उंची असली पाहिजे, असे कलम घातले गेले. सरासरी जर्मन पुरुष याहून दहा एक सेंटिमीटर उंच असल्यामुळे त्याला तेव्हाच्या कायदेशीर घरात मान तुकवूनच भांडी घासावी लागत, ही गोष्ट वेगळी. पण बिछान्यापाशी नव्हे, दारापाशी नव्हे, शेगडी आणि मोरीपाशी उंची मोजावी, हे त्या महसुली दप्तरास सुचले याचे मला कौतुक वाटते. दुसऱ्या बाजूने युरोपातील वाहनतळांच्या तोंडाशी दोन मीटर उंचीचे आडवे दांडे असतात, आणि फोक्सवॅगनची ‘कॅलिफोर्निया’ पुष्कळ वर्षे नेमकी 1.99 मीटर उंच होती, हा काही योगायोग नव्हे.

या कोंडीतून सुटण्याचा उपाय वास्तविक फार पूर्वी सापडला होता. 1947 साली पॅरिसच्या प्रदर्शनात मांडलेल्या सित्रोएनच्या पन्हळी पत्र्याच्या ‘एच’ व्हॅनमध्ये एंजिन आणि त्याने फिरवावयाची चाके दोन्ही पुढे असल्यामुळे मागची चाके फिरवणारा दांडा जमिनीखालून न्यावा लागेना. जमीन रस्त्याच्या अगदी जवळ आली आणि फारसे उंच न दिसणाऱ्या गाडीत मनुष्य ताठ उभा राहू लागला. आज युरोपातील बहुसंख्य कॅम्पर ज्या फियाट डुकाटोवर बांधले जातात, तीही 1981 पासून पुढच्या चाकांनीच चालते. तिच्या मध्यम उंचीच्या छताखाली 1.93 मीटर जागा मिळते. मागच्या चाकांनी चालणाऱ्या गाडीस तेवढीच जागा द्यावयाची तर छत आणखी वर न्यावे लागते, आणि तिथे वाहनतळाचा आडवा दांडा, पूल आणि वारा आपापली वसुली करावयास उभे असतात.

याच जातीची एक गाडी महाराष्ट्राच्या पूर्ण परिचयाची आहे. हॅम्बुर्गच्या टेम्पो कारखान्याने 1949 साली पुढच्या चाकांनी चालणारी ‘मॅटाडोर’ काढली; त्याच कारखान्याच्या सहकार्याने 1958 साली नवलमल फिरोदिया यांनी बजाज टेम्पो स्थापन केली, आणि पुढे आकुर्डीत मॅटाडोर बनू लागली. तिच्या जर्मन बहिणी मर्सिडीजच्या नावाने विकल्या गेल्या आणि त्यांतून कित्येकांनी फिरती घरे बांधली. आपल्याकडे तिच्या सखल जमिनीचा लाभ शाळेची मुले, रुग्णालयांतील रोगी आणि लग्नाची वऱ्हाडे यांनी घेतला. महाराष्ट्र सरकारने कॅरॅव्हॅन पर्यटनाचे धोरण जाहीर केले ते 2021 साली, म्हणजे मॅटाडोर बंद पडून बराच काळ लोटल्यावर. आता येथे अशी घरे बहुधा त्याच कंपनीच्या ट्रॅव्हलरवर बांधतात. तिची चाल मागच्या चाकांना असल्यामुळे पायरी उंच आहे, आणि आत उभे राहता यावे म्हणून छत वर उचललेले आहे.