पंखा फिरणारच, मग विजेची मागणी कमी कशी होणार? सरकारी धोरणं समजून घ्या

धामणगाव रेल्वेत एप्रिल लागला की घरोघरी पंखे दिवसरात्र फिरतात. वऱ्हाडात पारा 44-45 अंशांवर गेल्यावर 'पंखे बंद ठेवा' असं कोणतंही सरकार सांगू शकत नाही. मग हवामान बदल रोखण्यासाठी विजेची मागणी कमी करायची कशी?

मागणी कमी करणं म्हणजे काय?

कोळशाऐवजी सौरऊर्जा आणणं हा पुरवठ्याचा उपाय. तेवढाच वारा, तेवढाच उजेड कमी विजेत मिळवणं हा मागणीचा उपाय. अमरावती जिल्ह्यातच नांदगाव पेठ इथे 1,350 मेगावॅटचा कोळशावरचा वीज प्रकल्प आहे. विजेची गरज घटली, तर कोळसाही कमी जळतो.

सरकारने काय केलं?

- स्टार लेबल: ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोने 2006 मध्ये ही योजना सुरू केली. 1 जानेवारी 2023 पासून छताच्या पंख्यांनाही लेबल सक्तीचं झालं.
- उजाला: 2015 च्या या योजनेत सरकारी कंपनीने एलईडी बल्बची घाऊक खरेदी केली. खरेदीचा दर 310 रुपयांवरून 38 रुपयांपर्यंत उतरला.
- एसी 24 अंशांवर: 2020 पासून स्टार लेबलचे नवे एसी सुरू होताना 24 अंशांवर असतात. हवं तर तापमान बदलता येतं. ब्युरोच्या मते एक अंश वाढवल्यास सुमारे 6 टक्के वीज वाचते.

एका पंख्याचा हिशोब

जुना पंखा साधारण 75 वॅट घेतो, बीएलडीसी मोटरचा सुमारे 30 वॅट. रोज 15 तास, वर्षातले 240 दिवस धरले तर 162 युनिट वाचतात. देशात एका युनिटमागे सरासरी 0.7 किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. म्हणजे एका पंख्यामागे वर्षाला सुमारे 113 किलो कमी.

महावितरणच्या घरगुती बिलात 100 युनिटनंतर दर वाढतो. त्यामुळे महिन्याचा वापर त्याहून जास्त असेल, तर वाचलेली युनिटं आधी महागड्या टप्प्यातून कमी होतात.

मग अडतं कुठे?

किमतीवर. बीएलडीसी पंखा साध्यापेक्षा बराच महाग असतो. भाड्याच्या घरात पंखा घरमालक लावतो, बिल भाडेकरू भरतो. मग जास्तीचे पैसे कोण घालणार?

लेबल वाचून ग्राहकाला फरक कळतो, पण खिशात पैसे येत नाहीत. एलईडी बल्ब घरोघरी पोहोचला तो स्वस्त झाल्यावर. पंख्याचंही तसंच आहे.