मानसशास्त्रातील पदवी व पदव्युत्तर शिक्षण : व्यवसायप्रवेशाच्या पात्रतेचा ऐतिहासिक मागोवा (रहिमतपूर परिसराच्या संदर्भात)

सातारा जिल्ह्याच्या कोरेगाव तालुक्यातील रहिमतपूर हे पुणे-मिरज लोहमार्गावरील गाव आहे. येथील विद्यार्थ्यास उच्च शिक्षणासाठी एका बाजूस सातारा व पुणे, तर दुसऱ्या बाजूस कराड, सांगली व कोल्हापूर अशा वाटा उपलब्ध आहेत. मात्र मानसशास्त्र विषय घेऊन बी.ए. झालेल्या विद्यार्थ्यापुढे एक प्रश्न उभा राहतो. वैद्यकाचा पदवीधर डॉक्टर होतो, विधी शाखेचा पदवीधर वकील होतो. मानसशास्त्राचा पदवीधर मात्र मानसशास्त्रज्ञ ठरत नाही. हा भेद कसा निर्माण झाला, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

जर्मनीत लाइपझिग येथे विल्हेल्म वुंट यांनी १८७९ मध्ये प्रयोगशाळा स्थापन केल्यापासून मानसशास्त्र तत्त्वज्ञानापासून वेगळे होऊ लागले. भारतात कलकत्ता विद्यापीठात १९१६ मध्ये नरेंद्रनाथ सेनगुप्त यांच्या नेतृत्वाखाली स्वतंत्र विभाग सुरू झाला. म्हणजे हा विषय आपल्याकडे पदव्युत्तर अध्ययनाचा विषय म्हणून स्थिरावला. मुंबई विद्यापीठाच्या महाविद्यालयांत तो दीर्घकाळ तर्कशास्त्र व नीतिशास्त्राच्या सोबतीने, तत्त्वज्ञानाच्या छायेत शिकविला जात होता. पुणे विद्यापीठ १९४९ मध्ये अस्तित्वात आल्यानंतर तेथे प्रा. वि. के. कोठुरकर यांच्या नेतृत्वाखाली प्रायोगिक मानसशास्त्राचा विभाग उभा राहिला, तर मुंबई विद्यापीठात १९५९ मध्ये उपयोजित मानसशास्त्राचा विभाग सुरू झाला. ही दोन नावे बोलकी आहेत. पुण्याची दृष्टी प्रयोगशाळेकडे होती, मुंबईची कारखाने व कार्यालयांकडे. १९६२ मध्ये कोल्हापूर येथे शिवाजी विद्यापीठाची स्थापना झाल्यावर सातारा जिल्हा त्याच्या कार्यक्षेत्रात आला आणि रहिमतपूरच्या विद्यार्थ्याचे विद्यापीठ बदलले. पदवीचा उपयोग मात्र बदलला नाही.

तो उपयोग प्रामुख्याने अध्यापनाचा होता. ग्रामीण भागात बी.ए. नंतर बी.एड. हा सर्वपरिचित मार्ग. परंतु माध्यमिक शाळेत मानसशास्त्र हा विषयच नसल्यामुळे त्याचा पदवीधर तेथे भाषा किंवा इतिहासाच्या पदवीधराच्या मागे पडे. कनिष्ठ महाविद्यालयात विषय होता, पण तेथे एम.ए. आवश्यक. म्हणजे स्वतःचा विषय शिकवायचा तरी पदव्युत्तर पदवी हवीच.

उपचाराच्या क्षेत्रात पात्रतेची पातळी याहूनही वर सरकली. मुंबईत टाटा समाजविज्ञान संस्थेच्या बाल मार्गदर्शन केंद्राने १९३७ मध्येच या कामाची सुरुवात केली होती. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेत १९४९ च्या बोल्डर परिषदेने चिकित्सा मानसशास्त्रज्ञासाठी पीएच.डी. हे प्रमाण ठरविले. भारताने मधला मार्ग स्वीकारला. बंगळूर येथे १९५४ मध्ये अखिल भारतीय मानसिक आरोग्य संस्था स्थापन झाली व तेथे एम.ए. झालेल्यांसाठी रुग्णालयीन प्रशिक्षणाची पदविका सुरू झाली. तीच पुढे एम.फिल. झाली. इतर विषयांत एम.फिल. ही संशोधनाची पायरी मानली गेली, पण येथे ती रुग्णासमोर बसण्याची परवानगी होती. एकाच नावाच्या दोन पदव्यांतील हा फरक प्राध्यापकवर्गातही अनेकदा ध्यानात घेतला जात नाही.

येथे थोडे विषयांतर क्षम्य ठरावे. नाटककार वसंत कानेटकर यांचे जन्मगाव रहिमतपूर. त्यांचे पहिले नाटक ‘वेड्याचं घर उन्हात’ (१९५७) हे एका भ्रमिष्ट कुटुंबप्रमुखाभोवती गुंफलेले आहे. मराठी मध्यमवर्गाला मनोविकाराची ओळख दवाखान्याआधी रंगभूमीवर झाली, असे म्हणण्यास जागा आहे. पुण्यातील ज्ञान प्रबोधिनी (१९६२) आणि ठाण्यातील मानसिक आरोग्य संस्था (१९९०) यांनी पुढे हा विषय समाजात नेला. परंतु त्या शहरांतील संस्था होत्या.

कायद्याने या व्यवहाराला पक्के रूप दिले. भारतीय पुनर्वास परिषद अधिनियम १९९२ मध्ये संमत झाला व त्यानुसार चिकित्सा मानसशास्त्रज्ञाची नोंदणी आवश्यक ठरली. मानसिक आरोग्य सेवा अधिनियम, २०१७ ने व्याख्याच दिली : परिषदेची मान्यता असलेली चिकित्सा मानसशास्त्रातील अर्हता, किंवा पदव्युत्तर पदवीनंतर देखरेखीखालील प्रशिक्षणासह दोन वर्षांची पूर्णवेळ एम.फिल. बारावीनंतर तीन वर्षे बी.ए., दोन वर्षे एम.ए. व दोन वर्षे एम.फिल. अशी ही सात वर्षे होतात. आंतरवासितेसह एम.बी.बी.एस. साडेपाच वर्षांत पूर्ण होते. शेतीवर अवलंबून असलेल्या कुटुंबाने कला शाखा ‘स्वस्त आणि लवकर संपणारी’ म्हणून निवडलेली असते. प्रत्यक्षात तिच्यातील हा मार्ग वैद्यकाहून लांब आहे, आणि ही गोष्ट प्रवेशाच्या वेळी विद्यार्थ्यास सहसा कोणी सांगत नाही. महाविद्यालयाच्या माहितीपुस्तिकेत विषयाचे नाव असते, व्यवसायाच्या अटी नसतात. याउलट समुपदेशनासाठी पदवीची कायदेशीर अट दीर्घकाळ नव्हती; अल्प मुदतीच्या प्रमाणपत्रावरही पाटी लावता येत असे. मानसशास्त्रज्ञ व समुपदेशक यांना नियमनाच्या कक्षेत आणण्याचा प्रयत्न २०२१ च्या राष्ट्रीय संलग्न व आरोग्य व्यावसायिक आयोग अधिनियमाने केला.

यानंतरचे बदल वेगाने झाले. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२२ च्या विनियमांद्वारे एम.फिल. बंद केली, तथापि चिकित्सा मानसशास्त्र व मनोविकार सामाजिक कार्य या दोन विषयांतील प्रवेशांना २०२५-२६ या शैक्षणिक वर्षापर्यंत मुदत दिली. त्याखेरीज आयोगाने २०२५ च्या जुलै-ऑगस्ट सत्रापासून मानसशास्त्राचे अभ्यासक्रम दूरस्थ व ऑनलाइन पद्धतीने चालविण्यास मनाई केली. गुणवत्तेच्या दृष्टीने या निर्णयाचे समर्थन करता येते. रुग्णाशी बोलण्याचे कौशल्य टपालाने आलेल्या पुस्तिकेतून येत नाही. परंतु रहिमतपूरसारख्या गावातील विवाहित विद्यार्थिनी किंवा नोकरी करणारा शिक्षक यांना एम.ए. पर्यंत पोहोचण्याचा तो एक साधा मार्ग होता. आता त्यांच्यासाठी पुण्याकडे अथवा कोल्हापूरकडे जाणारी गाडी व तेथील वसतिगृहाचा खर्च एवढाच पर्याय उरतो.